भाडं किती पडेल? बरोबर प्रश्न, पण अर्धाच

आमच्या लाइनीत कुणी नवीन उतरला, मग तो काजूचं पॅकिंग सुरू करणारा असो नाहीतर कोल्हापूरहून माल आणून म्हापशात विकणारा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, भाडं किती पडेल? बेळगाव-फोंडा किती, मुंबई-वेर्णा किती, फुल गाडी घेतली तर किती नि पार्ट लोड टाकला तर किती. विचारावंच, पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात. पण भाडं म्हणजे खर्चाचा तेवढाच भाग ज्याची पावती हातात येते. बाकीच्याची पावती कोण देत नाही, तो गोदामात, बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटच्या उचलीच्या, खात्यात, दमट होऊन बसलेल्या खोक्यांत आणि "तुमचा माल नव्हता म्हणून दुसऱ्याचा घेतला" असं दुकानदार म्हणतो त्यात पडलेला असतो, आणि मार्च संपल्यावर सीए विचारतो की सेल एवढा वाढला तर नफा गेला कुठे, तेव्हा सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

मी गोव्यात फोंड्याजवळ एका डिस्ट्रिब्युटरकडे डिस्पॅच आणि स्टॉक बघतो, साबण, बिस्किटं, मसाले असला रोजचा माल. भाचा बीकॉमला आहे, त्याला लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट हा पेपर आहे, त्याने नोट्स दाखवल्या. त्यात कामांची यादी होती, ऑर्डर घेणं, स्टॉक सांभाळणं, गोदाम, वाहतूक, पॅकिंग, मालाची चढउतार आणि या सगळ्याची माहिती इकडून तिकडे पोचवणं. यादी बरोबरच आहे, पाठ करून मार्क पण पडतील. फक्त ही कामं एकमेकांच्या खिशात हात घालतात हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखं तेवढंच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं.

लॉजिस्टिक्सची व्याख्या सांगायची तर माल जिथे तयार होतो तिथून जिथे वापरला जातो तिथपर्यंत त्याचं जाणं, मध्ये कुठे थांबणं, आणि नको झाला तर परत येणं, हे सगळं गिऱ्हाइकाला हवं तसं आणि परवडेल अशा खर्चात बसवायचं. सप्लाय चेन हा त्याहून मोठा पसारा, त्यात कच्चा माल देणारा, फॅक्टरी, आम्ही, दुकानदार सगळे आले आणि त्यांच्यातले व्यवहार पण आले, लॉजिस्टिक्स हा त्यातला माल हलवण्या-ठेवण्याचा भाग. पुस्तकात ते सात 'बरोबर' पण असतात, बरोबर माल, बरोबर नग, बरोबर अवस्थेत, बरोबर जागी, बरोबर वेळी, बरोबर गिऱ्हाइकाला, बरोबर खर्चात. पहिले सहा कुणीही करून दाखवेल, पैसे ओतले की झालं. सातवा आला की पहिल्या सहांत ओढाताण सुरू होते.

१९५६ साली अमेरिकेत हार्वर्डच्या तिघा अभ्यासकांनी विमानाने माल पाठवण्यावर काम केलं होतं. विमानाचं भाडं ट्रक-रेल्वेच्या मानाने कितीतरी जास्त, मग विमानाने कोण कशाला पाठवेल? त्यांनी दाखवलं की माल लवकर पोचत असेल तर ठिकठिकाणची गोदामं कमी करता येतात, पडून राहणारा स्टॉक कमी होतो, आणि सगळी बेरीज केली तर काही मालाला महाग वाहतूकच स्वस्त पडते. टोटल कॉस्ट म्हणतात ते हेच, एकेक खर्च वेगळा कापत बसायचं नाही, बेरीज बघायची. आपल्याकडे उलटं उदाहरण जास्त दिसतं. समजा एका पार्टीने पार्ट लोडऐवजी फुल गाडी मागवली आणि भाड्यात सहा हजार वाचवले. त्यासाठी दहा लाखांचा जादा माल आला आणि महिनाभर पडून राहिला. सीसीवर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याचे दहा हजार तिथेच गेले, गोदामाची जागा अडली ती वेगळी, आणि उंदराने दोन खोकी फोडली तर ती तिसरीच गोष्ट. तरी पार्टी वर्षभर सांगत फिरते, आपण भाडं तोडून घेतलं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. माल्कम मॅकलीन हा मूळचा ट्रकवाला, त्याची ही आयडिया. सुटा माल जहाजात भरायला टनाला ५.८३ डॉलर पडायचे, कंटेनरने ते १६ सेंटच्या आसपास आले असं सांगतात. जहाज काय जोरात पळायला लागलं नाही, समुद्र तेवढाच, अंतर तेवढंच. खर्च होता तो धक्क्यावर, एकेक पोतं एकेक पेटी उचलण्यात नि जहाज तिथे अडकून पडण्यात. आमच्याकडे अजून हेच आहे, गाडी बेळगावहून तीन-चार तासांत खाली येते आणि मग गोदामाच्या दारात अर्धा दिवस उभी, कारण हमाल दुसऱ्या गाडीवर लागलेत, किंवा आत जागाच नाही. मग ड्रायव्हर हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मागतो, आणि पुढच्या वेळी ट्रान्सपोर्टवाला आपल्या गोदामाचं नाव ऐकलं की भाडं चढवून सांगतो, का चढवलं ते सांगत नाही. म्हणजे स्वस्त भाडं पाहिजे असेल तर आधी आपली गाडी खाली करायची सवय सुधारायला पाहिजे, घासाघीस नंतर.

आता स्टॉक. यात माझा जीव जास्त रमतो म्हणून जरा लांबेल.

एका वेळी किती मागवायचं यासाठी फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने १९१३ साली एक सूत्र मांडलं, ईओक्यू म्हणतात. वर्षाची मागणी गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक खोकं वर्षभर ठेवायचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. समजा वर्षाला १२,००० खोकी जातात, एका ऑर्डरमागे ५०० रुपये लागतात, खोकं वर्षभर ठेवायला ३० रुपये, तर उत्तर येतं साधारण ६३२. भाच्याने हे गणित पटकन सोडवलं आणि विचारलं की मामा, कंपनी ६३२ कुठे देते, ती म्हणणार ८०० घ्या. तर बघ म्हटलं, ८०० घेतली तर १५ ऑर्डरींचे ७,५०० आणि गोदामात सरासरी पडून असणारी ४०० खोकी ठेवायचे १२,००० मिळून वर्षाचा खर्च येतो १९,५००, ६३२ ला यायचा तो १८,९७४ च्या आसपास. फरक पाचशेचा. १,००० घेतली तर २१,०००. म्हणजे थोडं इकडे तिकडे झालं तरी हे सूत्र माफ करतं, फार लांब गेलात तरच बोचतं. मला हे त्या सूत्रापेक्षा उपयोगाचं वाटतं, कारण आकडा तंतोतंत कुणालाच पाळता येत नाही. एक मात्र, या हिशोबात मागणी वर्षभर सारखी धरलेली असते, आणि गोव्यात सारखं काहीच नसतं, डिसेंबरात किनाऱ्याकडची दुकानं धडाधड रिकामी होतात, गणेश चवथीच्या आधी गूळ-तेल-नारळ-अगरबत्ती, आणि जुलैत सगळं झोपलेलं.

किती घ्यायचं यापेक्षा कधी घ्यायचं हे महत्त्वाचं. रोज सरासरी ४० खोकी जातात आणि माल यायला तीन दिवस लागतात, तर १२० खोकी उरली की ऑर्डर द्यायची असं कुणीही सांगेल. पण एखाद्या दिवशी ६० जातात, आणि गाडी कधी सहा दिवसांनी येते. वाईटात वाईट धरलं तर ६० गुणिले ६ म्हणजे ३६०. त्यातून १२० वजा केले तर २४० खोकी ही सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेला माल, आणि ३६० ला आलं की फोन उचलायचा. ही ढोबळ रीत, याहून बारीक गणितं आहेत, पण गोदामात उभं राहून हीच जमते. यात बघण्यासारखं काय, तर २४० खोक्यांतला मोठा भाग गाडीच्या बेभरवशामुळे आहे. गाडी दर वेळी ठरल्याप्रमाणे तीन दिवसांतच आली असती तर नुसत्या मागणीच्या चढउतारासाठी ६० पुरली असती. म्हणून पाचशे रुपये कमी घेणारा पण कधी उगवेल त्याचा नेम नसलेला ट्रान्सपोर्टवाला महाग पडतो, तो आपल्याला १८० खोकी जास्त ठेवायला लावतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. मे महिन्यात पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरायचं म्हणजे भरायचं, उकडे तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, आमसोलं, चिंच, मीठ, लाकडं, कारण जून लागला की बाजार भरेल का, होडी चालेल का, वाट उघडी असेल का, कशाचाच भरवसा नाही. आजही एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. किती भरायचं हे पण त्या घरातली माणसं आणि पावसाचा मुक्काम बघून ठरवायच्या, आणि सुकी मासळी जास्त भरून ती आळ्या पडून टाकायची वेळ आली तर घरातली जाणती बाई सुनेला सुनवायची पण. तो कॅरिंग कॉस्टचा, म्हणजे माल ठेवण्याच्या खर्चाचा, धडा.

घाटाचं तर आजही तसंच. पावसात अनमोडात दरड आली, चोर्लात कंटेनर आडवा पडला, जड गाड्या बंद केल्या, की बेळगावचा माल कुठून कसा येईल हे ड्रायव्हरच्या फोनवर ठरतं. त्यामुळे आमचा रीऑर्डरचा, म्हणजे कितीवर आलं की फोन उचलायचा तो, आकडा जूनला वेगळा आणि जानेवारीला वेगळा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो वर्षभर एकच असतो, मी सरळ माझी वही काढतो.

सगळ्याच मालाचा एवढा विचार करत बसलो तर दिवस पुरणार नाही, त्यासाठी एबीसी, म्हणजे मालाचे तीन गट पाडायचे. साधारण वीस टक्के आयटम ऐंशी टक्क्यांच्या आसपास पैसा आणतात, ते रोज बघायचे, मधले आठवड्याला, आणि उरलेला शेंगदाणा-फुटाणा महिन्यातून एकदा मोजला तरी चालतो. एवढं सोपं असून बऱ्याच गोदामांत सगळ्यांना सारखी वागणूक मिळते, खरं म्हणजे सारखं दुर्लक्ष.

गोदामाबद्दल एकच गोष्ट सांगतो पण ती नीट सांगतो. पुठ्ठ्याचं खोकं कोरड्या हवेत जेवढं वजन पेलतं तेवढं दमट हवेत पेलत नाही, हवा फार दमट असेल तर ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. आमच्याकडे जूनमध्ये हात लावला की पुठ्ठा मऊ लागतो, कडा बोटाने दाबल्या जातात. मार्चमध्ये आठ थर उभे राहिलेले असतात तेच जुलैत तळाच्या खोक्याचं पोट बाहेर काढतात, मग थप्पी एका बाजूला कलते, आणि मधल्या खोक्यातल्या बिस्किटांचा चुरा होतो जो वरून कळतच नाही, दुकानात फोडल्यावर कळतो. म्हणून पावसाळ्यात थर कमी, खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून हातभर लांब. थर कमी केले की जागा जास्त लागते, जागा जास्त लागली की स्टॉक कमी ठेवावा लागतो, आणि वर सांगितलं तसं नेमका तेव्हाच तो जास्त पाहिजे असतो. ही ओढाताण कुठल्या सूत्रात बसत नाही, मग आम्ही साबण चढवतो आणि बिस्किटं कमी मागवतो, एवढाच उपाय. आणि ज्याची एक्स्पायरी आधी तो आधी बाहेर, आधी आलेला आधी असं नाही, कारण कंपनी कधी कधी नंतरच्या गाडीत जुन्या तारखेचा माल टाकते.

कंपनीचा विषय निघालाच तर महिनाअखेर. अठ्ठावीस तारखेपासून सेल्स ऑफिसरचे फोन सुरू, टार्गेटला एवढे लाख कमी पडतात, घेऊन टाका ना, पुढच्या महिन्यात बघू. शेठ घेतात, संबंध असतात. मग तीस तारखेच्या रात्री दोन गाड्या दारात, बल्बच्या उजेडात उतरवणं चाललेलं, आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ऑर्डर शून्य. फॅक्टरीला वाटतं महिनाअखेरीला मागणी उसळते आणि सुरुवातीला पडते. दुकानात तर गिऱ्हाईक रोज तेवढाच साबण नेतं! मागणी दुकानात थोडी हलली की आमच्याकडे जास्त हलते आणि फॅक्टरीत त्याहून जास्त, याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरमध्ये हे दिसलं होतं, पोरं काही महिनाअखेरीला जास्त ओली करत नाहीत पण वरच्या ऑर्डरी मात्र भरती-ओहोटी. औषध एकच, दुकानात खरोखर किती विकलं तो आकडा वरपर्यंत जाऊ द्यायचा. पण तो गेला तर टार्गेटचं नाटक उघडं पडतं, म्हणून जात नाही, हे माझं मत.

वाहतुकीत गोव्याचं दुखणं म्हणजे परतीचा लोड. खायचं-प्यायचं, बांधकामाचं, हॉटेलांचं बहुतेक सगळं बाहेरून येतं, आणि जाताना त्याच गाडीला माल मिळेलच असं नाही. रिकामं परत जायचं डिझेल ड्रायव्हर आपल्याच भाड्यात धरतो. वेर्ण्याच्या औद्योगिक इस्टेटीतून बाहेर जाणाऱ्या मालाशी ओळख असलेला ट्रान्सपोर्टवाला म्हणूनच स्वस्त देऊ शकतो, तो काही दानधर्म करत नाही. लमाणांचे तांडे पूर्वी घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य घेऊन उतरायचे आणि जाताना आपल्या आगरांतलं मीठ भरून न्यायचे. रिकामा बैल घाट चढवायचा नाही हे त्यांना पक्कं होतं.

रस्त्याशिवाय दुसरं काय? कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे, भरलेला ट्रकच्या ट्रक वॅगनवर चढवायचा, कोलाडला चढला की वेर्ण्याला उतरला, डिझेल-टायर वाचतात नि ड्रायव्हर झोपून येतो. आणि खनिजाची साखळी तर ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत, खाणीवरून ट्रकने जेटी, जेटीवरून बार्ज (सपाट मालबोट), बार्जमधून मुरगावला जहाज. पावसाळ्यात अग्वादला मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र, मग मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत शिरायच्या नि तिथून बंदरात. साखळीचं मात्र असं की एक कडी थांबली की सगळं थांबतं, २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि ट्रक घरासमोर नि बार्जी नदीकाठाला गंजत राहिल्या, हप्ते चालूच.

गावातली डिलिव्हरी ही अजून वेगळी जात. नकाशावर गोवा तळहाताएवढा, पण अंतर नद्या ठरवतात. जुन्या झुआरी पुलावर जड गाड्यांना बंदी होती तेव्हा कितीतरी वर्षं बोरीवरून वळसा होता, डिसेंबर २०२२ ला नवा पूल उघडला तेव्हा आमच्या रूटचा कागदच बदलला. दिवाडीला अजून फेरीबोटच, म्हणून तिथली दुकानं आठवड्यातून एकाच दिवशी आणि छोट्या हत्तीतूनच. आणि दुपारी एक ते चार! बाहेरून आलेला मॅनेजर दिवसाला चाळीस दुकानांचा प्लॅन करून देतो, त्याला माहीतच नसतं की एक वाजला की शटर खाली आणि मालक आडवा. सकाळी नऊला निघालेल्या गाडीला खरे चार तास, मग संध्याकाळचे दोन-अडीच. त्यात बिल चुकलं, नग कमी आला म्हणून दुकानदाराशी वीस मिनिटं वाद झाला, की पुढची तीन दुकानं उद्यावर. म्हणून मी पोरांना सांगतो, सकाळी गाडी अर्धा तास उशिरा सुटली तरी चालेल पण मोजून आणि उलट्या क्रमाने भरा, शेवटच्या दुकानाचा माल आत, पहिल्याचा दाराशी.

कागदाचं थोडक्यात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पत्रादेवी, मोले, पोळे इथल्या विक्रीकराच्या नाक्यावरच्या रांगा गेल्या, अबकारीचे राहिले. एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, पन्नास हजारांवरचा माल असेल तर. त्यात भाग अ मालाचा नि भाग ब गाडीचा. गाडी घाटात बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर भाग ब मध्ये नवा नंबर टाकूनच हलायचं. साध्या गाडीला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, पावसात अडकली तर मुदत वाढवून घ्यायची, संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास एवढाच वेळ असतो. हे ड्रायव्हरला माहीत असेल असं धरून चालू नका.

देशाच्या पातळीवर लॉजिस्टिक्सचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के असं वर्षानुवर्षं भाषणांत ऐकलं. सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, आणि नंतर एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने २०२१-२२ साठी हिशोब मांडला तर तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. मला यात नवल वाटत नाही, आम्हाला आमच्या एका गोदामाचा खरा खर्च काढताना घाम फुटतो.

शेवटचं राहिलं ते परत येणाऱ्या मालाचं. एक्स्पायरी, फुटका, चुकून गेलेला, बाटल्यांचे रिकामे क्रेट. जाणाऱ्या मालाला बिल असतं, गाडी असते, माणूस असतो, येणाऱ्याला एक कोपरा असतो. दुकानदार महिनाभर साठवतो आणि आमच्या डिलिव्हरीच्या पोराच्या गाडीत कोंबतो, बिल नाही, बॅच नंबर पुसलेला, मग कंपनी भरपाईचा क्लेम अडवते. आम्ही आता परतीचा माल मंगळवारीच घेतो, छापील पावतीवर बॅच नि तारीख लिहून, दुकानदाराची सही घेऊन, आणि त्या दिवशी गाडीत पुढची एक रांग रिकामी ठेवतो. दुकानदार कुरकुरतात. क्लेम पास व्हायचं प्रमाण मात्र वाढलंय, पैसे यायला अजून तीन-तीन महिने लागतात तो भाग वेगळा, त्यावर एकदा स्वतंत्र लिहीन कारण तिथे शिव्या घातल्याशिवाय लिहिता येणार नाही.